रुखमाची दुसरी खेप

माझी भावजय रुखमा बोलायला लागली की अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात जाऊन बसतात, असं माझा भाऊ हरिदास म्हणतो. तो स्वतः कुठे जाऊन बसतो ते सांगत नाही. पण आवाजाचं सोडा. वडशाच्या अलीकडे, गाढवी नदीच्या काठाला आमचं गाव आहे, आणि त्या गावात धानाच्या रोवण्यात रुखमासारखा हात दुसऱ्या बाईचा नव्हता. लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात तिने हे दाखवून दिलं. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी डाव्या हातात धरून, चिखलात वाकून ती अशी भराभर मागे सरकायची की शेजारच्या बायांना धाप लागायची. वर गाणं तीच धरणार आणि गाण्याच्या मध्येच कोणाची तरी थट्टाही तीच करणार.

रोवण्याच्या बायांची टोळी आमच्या मायची. माय म्हणजे माझी आई, बायनाबाई, रुखमाची सासू. कोणाच्या बांधीत रोवायला कधी जायचं, कोणाला सोबत घ्यायचं, रांगेच्या टोकाला कोण राहील, हे सगळं मायच्या तोंडून ठरायचं. टोकाची बाई चालेल तशी सगळी रांग चालते, म्हणून टोकाचा मान मोठा. मायने सुनेला पहिल्याच वर्षी टोकाला उभं केलं. मला मात्र आयुष्यात कधी केलं नाही. मी शिकून मास्तरीण झाले ती बहुतेक त्याच रागात.

मग सुगतची, रुखमाच्या पहिल्या पोराची, वेळ आली आणि सगळं बिघडलं. सुगत पोटात आडवा होता. रेंगीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, वडसा, वडशाहून छोट्या रेल्वेने चंद्रपूर, आणि चंद्रपूरला ऑपरेशन. रुखमा आणि पोर दोघंही सुखरूप राहिले, त्या डॉक्टरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण रुखमाला गुंगी दिलेली होती. आपलं पोर तिने दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेही आधी सगळ्या गोतावळ्याने पाहून झाल्यावर. घरी आली तर गावात तिचं नाव पडलं होतं, चिरलेली बाई.

आणि आमची माय! तिने सुनेच्या हातून पाण्याची गुंडी काढून घेतली. सरपणाची मोळी काढून घेतली. आषाढात टोळी निघाली तेव्हा रुखमा पदर खोचून दारात उभी, तर माय म्हणाली, "तू नोको येऊ. चिखलात वाकशील न टाका उसवंल."

"आत्याबाई, टाका कवाचा सुकला," रुखमा म्हणाली.

"वरून सुकला. आतचं कोणं पाह्यलं?"

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. रुखमा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून दुसऱ्यांची पोरं सांभाळायची. टोकाला दुसरी बाई उभी असायची आणि रांग रेंगाळत चालायची, ते रुखमाला धुऱ्यावरून दिसायचं. तिच्या अंगात काही दुखत नव्हतं. हे दुखत होतं. मायजवळ ती एक शब्द बोलली नाही. इतकी बोलकी बाई, आणि नेमकं तेवढंच गिळून बसली.

पंच्याऐंशी साली तिला पुन्हा दिवस गेले. तेव्हा मी वडशाला शाळेत शिकवत होते आणि माझे यजमान श्रीहरी छोट्या रेल्वेत पॉइंट्समन होते. आमचा क्वार्टर स्टेशनाला लागूनच. रुखमा एका बाजाराच्या दिवशी आली, पाणीही न पिता म्हणाली, "बाई, हे पोर मले माह्या जोरावर काढायचं हाये. मले चिरलेली म्हणून मरायचं नाई."

मी तिला आधी झापलं. जिवाशी खेळ करतेस का, एक लेकरू आहे घरात, वगैरे जे मास्तरणीला सुचतं ते सगळं. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता चला नर्सबाईकडं."

आमच्या गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, ऑपरेशनच्या खोलीसकट. तिथे बाळंतपणं पाहायच्या अंजनाबाई. नागपूरला रीतसर दाईकाम शिकून आलेल्या, अंगाने भक्कम, तोंडात कायम सुपारी, आणि रागावल्या की डॉक्टरीणबाईसुद्धा औषधाचं कपाट आवरायला लागत. त्यांनी रुखमाला झोपवून पोट चाचपलं, मग उठवून बसवलं.

"होऊ शकते," त्या म्हणाल्या. "पुष्कळ बायांचं होते. काहींचं नाई होत. मी वचन देत नाई, आधीच सांगतो. चंद्रपूरवाल्यांनी आत चिरा आडवा घेतला का उभा, ते पह्यले विचारून आणा. पोटावरचा वण पाहून ते समजत नाई. उभा वण कळांनी उसवते; तसा असंल तं हे बोलणं इथंच संपलं."

हरिदास चंद्रपूरला जाऊन विचारून आला. आडवा होता, खालच्या बाजूला. हे सांगताना त्याला इतका आनंद झाला होता की मला वाटलं हा स्वतःच बाळंत होतो.

अंजनाबाईंनी मग डॉक्टरीणबाईंना घेऊन बसून सगळं ठरवलं. नववा लागला की रुखमाने माझ्याकडे येऊन राहायचं, दवाखान्यातून हाक ऐकू येईल इतकं जवळ. घरी, गावात, रेंगीत कळा काढायच्या नाहीत. हरिदासचं रक्त जुळतं का ते आधीच तपासायचं. कळा सुरू झाल्या की अंजनाबाई हलणार नाहीत, आणि ऑपरेशनची खोली उघडी राहील. "दोन कळांच्या मधात जुना वण दुखला, अंगावरून रक्त गेलं, नाई तं पोराचे ठोके पडले, तं मी डॉक्टरीणबाईले बोलावीन न तू टेबलावर जाशील," त्या रुखमाला म्हणाल्या. "तवा माह्यासंगं भांडायचं नाई. कबूल?"

"कबूल," रुखमा म्हणाली. भांडायचं नाही हे तिने कबूल केलं याचंच मला नवल वाटलं.

सगळं नीट चाललं होतं. डोकं खाली होतं, ठोके खणखणीत होते. पण सहाव्या-सातव्या महिन्यात अंजनाबाईंच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. रुखमाचं वजन वाढेना. पोट जागच्या जागी. डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरं.

"खाते काय?" अंजनाबाईंनी विचारलं.

"खातो न. समदंच खातो," रुखमा म्हणाली आणि छताकडे बघायला लागली.

शाळेत इतकी वर्षं काढल्यावर छताकडे बघणारं पोर मी ओळखते. रविवारी न सांगता गावी गेले. माय वाढत होती. हरिदासच्या ताटात भाताचा डोंगर, लाखोळीचं वरण, झिंग्यांची भाजी. रुखमाच्या ताटात सुगतच्या वाटीने मापून वाटीभर भात आणि वर जवसाची चटणी, चिमणीने टाकावी तेवढी.

माझं डोकंच फिरलं. "माय! दोन जिवांची बाई हाये ते. तू तिले उपाशी मारून राह्यली काय?"

माय शांतपणे म्हणाली, "तुले काई समजत नाई. पोटात जास्त गेलं का पोर वाढते. पोर वाढलं का अडते. अडलं का डाक्टर चाकू काढते. बारकं राह्यलं तं सुर्रकन येते बाहेर. आमच्यात असंच करत."

हे खरं आहे. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या गरवारशीला हात आखडून वाढायच्या, आणि ते दुष्टपणाने नव्हे. मलाही ते माहीत होतं, तरी मी तोंड सोडलं ते सोडलंच. खानदानाचा उद्धार केला, म्हणजे माझ्याच खानदानाचा. मायच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा रुखमा म्हणाली, "बाई, आत्याबाईले नोका बोलू. मीच म्हणलो, मले कमी वाढा."

चार वर्षांत सासू-सुनेचं एका गोष्टीवर एकमत झालं आणि ती गोष्ट ही! एकीला चाकूची भीती, दुसरीला चाकूचा राग, आणि दोघी मिळून पोटातल्या लेकराचा घास मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघींना रेंगीत घालून मी दवाखान्यात नेलं. वाटलं होतं अंजनाबाई माझ्यापेक्षा मोठा आवाज काढतील. त्यांनी सुपारी थुंकली, मायला खुर्ची दिली आणि विचारलं, "बायनाबाई, रोवण्याच्या दिवशी सकाळी काय खाऊन निघता?"

"रातचा भात. कांदा. आंबील," माय म्हणाली. "खाल्ल्याबिगर कसं जमंल?"

"काऊन? खाली पोटानं वाकणं सोपं जाते न."

"चक्कर येऊन पडंल न बाई चिखलात! दिवसभराचं काम असते ते."

"मंग हिचं बी दिवसभराचंच काम हाये," अंजनाबाई म्हणाल्या. "तुमच्या रोवण्यात धुऱ्यावर बसाले तरी भेटते, इथं तेबी नाई. हिच्या अंगात रक्त नसंल तं मधातच कळा थकतात. कळा थकल्या का मग चाकूच. तुम्ही ज्याले भेऊन राह्यल्या तेच घरी बलावून राह्यल्या."

माय खुर्चीवरून उठली आणि रुखमाला म्हणाली, "चाल घरी. कोंबडी कापतो."

त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला आवर घालणं कोणाच्या हातात नव्हतं. अंडी, भाजी, वरणात तूप, मोहफुलांचे लाडू, तळ्यातले मासे. अंजनाबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या माय समोर बसून गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखव म्हणायची. नववा लागला तेव्हा दोघी माझ्या क्वार्टरवर आल्या. सोबत तांदळाचं पोतं, डाळीचं गाठोडं, सुगत आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. त्या कोंबड्या मायने श्रीहरींच्या खाटेखाली ठेवल्या. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपायला आडवा झाला की खालून कोंबडा आरवायचा. ते बिचारे ड्यूटी जास्त करायला लागले, एवढंच.

वडशात नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. हरिदास एका नाटक मंडळात पेटी वाजवायचा, त्याचे प्रयोग रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत. "माह्या प्रयोगाच्या दिवशी नोको होऊ बाळंत," असं तो रुखमाला सांगायचा. रुखमा म्हणायची, "पोराले सांगा, मले काय सांगता!"

पोराने अर्थात प्रयोगाचाच दिवस धरला. मी शाळेत पाढे घेत होते, तेव्हा श्रीहरी सायकल मारत आले. मी दवाखान्यात पोचले तर रुखमा व्हरांड्यात येरझारा घालत होती. कळ आली की खांब धरायची, गेली की चालायला लागायची. अंजनाबाई मागोमाग, हातात पोटाला लावायचा तो छोटा कर्णा. कळ ओसरली की कर्णा लावायच्या, ठोके ऐकायच्या, वणावर अलगद बोटं दाबून विचारायच्या, "इथी दुखते?" रुखमा नाही म्हणायची. मी जोडे काढले आणि बाकावर बसले.

माय डबा घेऊन आली. भात, वरण, अख्खं जेवण. अंजनाबाईंनी डबा दारातच अडवला. "आता नाई. ऑपरेशन करायची वेळ आली तं पोट भरलेलं नाई चालत. साखरेचं पाणी द्या घोटघोट."

मायचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तवा म्हणे वाढा, आता म्हणे वाढू नोका! या बाईचं एक काई हाये का नाई?" असं म्हणत तिने डबा माझ्या मांडीवर आदळला. मीच तो नंतर खाल्ला. भीती वाटली की मला भूक लागते.

दुपार कलायला लागली आणि कळा मंदावल्या. रुखमाचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. पोराचे ठोके चांगले होते, वण दुखत नव्हता. "थोडं थांबून बघू," त्या म्हणाल्या, "पण असंच राहिलं तर फार वेळ थांबायचं नाही." शेजारच्या खोलीत ऑपरेशनची हत्यारं उकळत ठेवल्याचा आवाज येत होता. तो रुखमानेही ऐकला.

"करून टाका ऑपरेशन," ती हळूच म्हणाली. "थकलो मी. नाई होत माह्याच्यानं."

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच आलं. अंजनाबाई मात्र तिला म्हणाल्या, "वेळ आली तं करूच. अजून नाई आली." मग दारात उभ्या असलेल्या मायकडे वळल्या. "बायनाबाई, हात धुवा न आत या. हिले उकिडवं बसवू. तुम्ही मागून धरा, तुमच्याकडं धरतात तसं."

माय आत गेली. स्टुलावर बसून तिने रुखमाला गुडघ्यांमध्ये घेतलं, दोन्ही काखांतून हात घालून धरलं. आणि गोड काही बोलायचं सोडून, चिखलात रेंगाळणाऱ्या बाईवर ओरडावं तशी ओरडली, "काय वो, बसली काय ढिली पडून! दिवस बुडून राह्यला. लाव जोर!"

रुखमाने मान मागे वळवली. चार वर्षांचं गिळलेलं सगळं त्या क्षणी वर आलं. "आता जोर लाव म्हणता? रोवण्याले नेताना कुठी गेलता हा जोर? चार वर्षं धुऱ्यावर बसवली मले! दुसऱ्याचे पोट्टे पुसत बसलो मी! टोकावरून काढली! काय केलतं मी?"

"टाका उसवला असता तं?" मायही ओरडली. "त्या चंद्रपुरात तू पांढरीफट पडली होती. मले वाटलं, गेली हे. आता पुन्यांदा पाहाची माही हिंमत नव्हती, म्हणून बसवली!"

"मंग सांगाचं नाई मले?"

"सासू कवा सांगते काय असं!"

आणि तिथेच जी कळ आली ती आधीच्या सगळ्या कळांची आजी होती. रुखमाने मायची मनगटं अशी धरली की वळ उठले. अंजनाबाई खाली बसल्या होत्या, कर्णा कानाला लावून. त्यांचा चेहरा उजळला. "भांडा, भांडा," त्या म्हणाल्या, "थांबू नोका. चांगलं चालू हाये."

मग दोघी भांडल्या. कळेत भांडल्या, कळ गेल्यावर दम खाऊन भांडल्या. गुंडी, मोळी, कोणाच्या लग्नात कोण काय बोललं, सगळं निघालं. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून दारात उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना. मध्ये एकदा ठोके किंचित मंद वाटले तेव्हा अंजनाबाईंनी हात वर केला आणि सगळे चिडीचूप झाले. ठोके परत वर आले. "हाये, हाये," त्या म्हणाल्या, "चाल रुखमा, आता शेवटचं."

स्टेशनात संध्याकाळची गाडी शिरत होती तेव्हा पोरगी झाली. शिट्टीच्या वर तिचा आवाज ऐकू आला, आईवरच गेली होती. अंजनाबाईंनी तिला पुसून तशीच रुखमाच्या छातीवर ठेवली. रुखमा तिच्याकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "बाई, हिले पह्यले म्या पाह्यलं." आणि ढसाढसा रडली. माय तिच्या मागेच बसून होती, हात न सोडता, तीही रडत होती.

पोरीला तोललं तर सव्वातीन किलोच्या वर. बारक्या पोराचा बेत करणाऱ्या दोघींनी त्या काट्याकडे पाहिलं आणि एकमेकींकडे पाहायचं टाळलं. हरिदास मंडईतून पहाटे आला, गालाला तसाच रंग लागलेला, कारण पेटी वाजवता वाजवता त्याला एका हवालदाराचं कामही करावं लागलं होतं. पोरीने बापाचं पहिलं दर्शन नकली मिशीसकट घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. गावाकडच्या बाया बैलबंडी भरून आल्या आणि जयभीम करत थेट रुखमाच्या खोलीत शिरल्या. टोळीतल्या निम्म्याअधिक होत्या. त्यांनी पोरगी हातोहात फिरवली, वजन सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. एकीने रुखमाच्या अंगावरची चादर वर करून नवा वण नाही ना ते स्वतः पाहून घेतलं. रुखमाला कशाचाच पत्ता नव्हता. ती पाजून झाल्यावर कुशीवर वळून घोरत होती.

बोलता बोलता गोष्ट रोवण्यावर आली. येत्या आषाढापर्यंत अजून पुष्कळ अवकाश होता, पण आमच्या बायांना दुसरं काय सुचणार. मायचे गुडघे आता चिखलात टिकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. टोळीतल्या सुकरीबाईने विचारलं, "बायनाबाई, यंदा टोळी कोण नेईल? न टोकाले कोण राहील?"

सगळ्या मायकडे बघायला लागल्या. माय नातीचे पाय चोळत होती. तिने मान वर केली नाही.

"मले काऊन विचारता?" ती म्हणाली. "तिले विचारा."

"ते तं झोपून हाये," सुकरीबाई म्हणाली.

"मंग उठू द्या."

बाजार उठायची वेळ झाली होती. बंडीवाला बाहेरून दोनदा ओरडून गेला. पण एकही बाई जागची हलली नाही. खाटेभोवती, खिडकीत, जमिनीवर जिथे जागा मिळाली तिथे त्या बसल्या, आणि आम्ही सगळ्याजणी रुखमा उठायची वाट पाहत राहिलो.